पाळण्यांतील श्रवणपरीक्षा : एका यादीचा इतिहास

जन्मतः अंध असलेलें मूल आईस फार दिवस फसवीत नाहीं. दिवा हालविला तरी त्याची नजर हालत नाहीं, हें घरांतील कोणाच्या तरी ध्यानांत चार-दोन महिन्यांत येतेंच. बधिर मुलाची गोष्ट निराळी आहे. तें इतर मुलांसारखेंच रडतें, आईचें तोंड दिसतांच हंसतें, आणि पहिले कांहीं महिने इतरांसारखेच हुंकारही देतें. बारशाच्या दिवशीं आत्या त्याच्या कानांत नांव सांगते, तेव्हां तें कान टवकारीत नाहीं हें खरें. पण ऐकूं येणारें मूल तरी बाराव्या दिवशीं कोठें टवकारतें? दार धाडकन् लागलें म्हणजे जमीन हादरते, पाळणा हालतो, आणि बधिर मूलही दचकतें. थाळी वाजविणाऱ्या आजीची सावली अंगावर पडते आणि तें मान वळवितें. घरांतील माणसें निःशंक होतात. पुढें दोन वर्षें लोटूनही मूल बोलत नाहीं, तेव्हां ‘याचा बापही उशिरांच बोलूं लागला’ असें सांगणारें कोणी तरी वडीलधारें माणूस असतेंच. शंका पक्की होईपर्यंत तिसरें वर्ष उजाडतें.

हें केवळ आपल्याकडेंच घडतें असें नव्हे. अमेरिकेसारख्या संपन्न देशांतही बधिर मुलाचें बधिरत्व ओळखलें जाण्याचें सरासरी वय अडीच वर्षें आहे, असें तेथील बधिरशिक्षण-आयोगानें १९८८ सालीं आपल्या अहवालांत लिहिलें. दर हजार जन्मांमागें एक ते तीन मुलें अशीं जन्मतात. आणि त्यांतील दहांपैकीं नवांहून अधिक मुलांचे आईबाप उत्तम ऐकणारे असतात, म्हणजे त्यांच्या मनांत अशी शंका येण्याचें कांहीं कारणच नसतें. आपल्या भाषेंत ‘मुका-बहिरा’ हे दोन शब्द जोडीनें येतात, आणि त्या जोडीनें एक मोठा गैरसमज जिवंत ठेविला आहे. बधिर मुलाच्या जिभेंत किंवा कंठांत बहुधा कांहींच व्यंग नसतें. जें आंत गेलें नाहीं तें बाहेर येत नाहीं, इतकेंच. भाषा, मग ती कानानें येवो कीं हातांच्या खुणांनीं येवो, मेंदूंत रुजण्याचा जो उत्तम काळ, तो पहिल्या दोन-तीन वर्षांचाच. आणि नेमका तोच काळ ‘अजून थोडें थांबून पाहूं’ या वाक्यांत निघून जातो. तो वांचविण्यासाठीं पाळण्यांतच परीक्षा करावी, हा विचार सुचणें अवघड नव्हतें. अवघड होते ते पुढचे दोन प्रश्न : परीक्षा करावी कशी, आणि ती कोणाची करावी? पहिल्याचें उत्तर यंत्रांनीं दिलें. दुसऱ्याचें उत्तर मिळण्यास मात्र एक पिढी खर्ची पडली; तिचीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

प्रथम ‘कशी’ हा प्रश्न घेऊं. इंग्लंडांत मँचेस्टर विद्यापीठांत आयरीन युइंग आणि अलेक्झांडर युइंग हें दांपत्य बधिरांच्या शिक्षणाचें काम करीत असे. अगदीं लहान मुलांचें बधिरत्व कसें ओळखावें यावर या उभयतांनीं १९४४ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांची साधनें एखाद्या स्वयंपाकघरांतून उचलून आणल्यासारखीं होतीं. पेल्याच्या कांठावर हलकेंच फिरविलेला चमचा, पातळ कागदाची सळसळ, खुळखुळा, आणि माणसाचा मृदु आवाज. आई मुलास मांडीवर घेऊन बसे, एक जण समोर राहून त्याचें लक्ष खेळण्यांत गुंतवी, आणि दुसरा, मुलाच्या नजरेस पडणार नाहीं अशा बेतानें, बाजूनें आवाज करी. मान वळली तर ठीक. मोठा धडाका करण्यापेक्षां परिचयाचा बारीक आवाज अधिक विश्वसनीय, हें युइंगांचें मोठें निरीक्षण होय. याच पद्धतीवर इंग्लंडांतील आरोग्यपरिचारिका पुढें अनेक दशकें मुलांची परीक्षा करीत आल्या. परंतु मान वळवावयाची तर मान धरतां आली पाहिजे, आणि आवाजाची दिशाही कळूं लागली पाहिजे; म्हणून ही परीक्षा सातव्या-आठव्या महिन्याच्या आधीं होऊं शकत नसे, आणि परीक्षकाची सावली किंवा पावलांचा हादरा यांनीं ती वरचेवर फसे.

त्याच सुमारास, युइंगांशीं कांहीं संबंध नसलेल्या एका निराळ्या वाटेनें, मुलें बधिर कां जन्मतात याचा शोध लागत होता. सिडनी येथील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे १९४१ सालीं मोतीबिंदु घेऊन जन्मलेलीं तान्हीं मुलें एकामागून एक येऊं लागलीं. मोतीबिंदु हा म्हातारपणाचा रोग. तो पाळण्यांत कसा? त्यांच्या दवाखान्यांत ताटकळत बसलेल्या दोन माता आपसांत बोलत होत्या, आणि गरोदरपणांत आपणांस जर्मन गोवर झाला होता असें दोघींच्याही बोलण्यांत आलें. ग्रेग यांनीं तें ऐकलें आणि इतर मातांसही विचारलें. त्याच वर्षीं त्यांनीं ७८ मुलांची हकीकत वैद्यांपुढें मांडली. गोवराचा हा सौम्य भाऊ, ज्यास आपण आज रुबेला म्हणतों, तो आईच्या अंगावर दोन दिवस पुरळ उठवून निघून जातो आणि पोटांतल्या गर्भाचे डोळे, हृदय व कान बिघडवून ठेवितो. कानांचा संबंध दुसऱ्या ऑस्ट्रेलियन संशोधकांनीं १९४३ सालीं पक्का केला. परदेशांतील वैद्यांनीं या गोष्टीकडे प्रथम साशंकतेनेंच पाहिलें; बायकांच्या गप्पांतून निघालेलें शास्त्र त्यांस पचलें नसावें.

या शोधास पुढें जो पुरावा मिळाला तो मोठा विलक्षण आहे. ऑलिव्हर लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञानें १९५१ सालीं ऑस्ट्रेलियांतील जुन्या खानेसुमारीचीं पुस्तकें आणि बधिरांच्या शाळांचे दाखले चाळले. १९११ च्या खानेसुमारींत दहा ते चौदा वर्षांच्या वयोगटांत बधिरांची संख्या अवाजवी फुगलेली होती. १९२१ च्या खानेसुमारींत तोच फुगवटा वीस ते चोवीस वर्षांच्या गटांत दिसत होता. म्हणजे एका विशिष्ट काळीं जन्मलेलीं मुलें एकाच वेळीं बधिर झालीं होतीं, आणि तीं मोठीं होत असतां तो आंकडा त्यांच्या मागोमाग खानेसुमारीच्या एका रकान्यांतून दुसऱ्या रकान्यांत सरकत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेली ती सांथ चाळीस वर्षें सरकारी कागदांत पडून राहिली होती. वाचणारा मात्र कोणी नव्हता.

धोक्याचीं इतर कारणें अशींच एकेका आपत्तींतून कळलीं. त्यांत काविळीची कथा सांगण्यासारखी आहे. आईबापांचें रक्त न जुळल्यामुळें, किंवा मूल अपुऱ्या दिवसांचें असल्यामुळें, नवजाताच्या रक्तांत पिवळें पित्तद्रव्य फार वाढलें तर तें मेंदूंत शिरतें, आणि श्रवणाच्या मार्गावरील केंद्रें त्याच्या तडाख्यांत प्रथम सांपडतात. रक्त बदलणें हाच काय तो इलाज होता. इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत रॉचफर्ड येथील इस्पितळांत सिस्टर वॉर्ड नांवाची परिचारिका उन्हाच्या दिवसांत अपुऱ्या दिवसांचीं मुलें अंगणांत फिरवून आणीत असे. १९५६ सालीं एके दिवशीं तिनें डॉक्टरांस एक मूल उघडें करून दाखविलें. त्याचें अंग फिकें झालें होतें, परंतु चादरीच्या कोपऱ्याखालीं झांकलेला एक त्रिकोण तेवढा गडद पिवळा राहिला होता. पुढें उन्हांत विसरून राहिलेल्या एका रक्ताच्या नळींतील पित्तद्रव्यही कमी भरलें. या दोन गोष्टींवरून प्रकाशचिकित्सा निघाली आणि १९५८ सालीं ती प्रसिद्ध झाली. आज आपल्या इस्पितळांतून निळ्या दिव्याखालीं डोळ्यांस पट्टी बांधून निजविलेलें बाळ आपण पाहतों, त्याचें मूळ हें. आमच्या आज्या बाळास कोवळें ऊन देत, म्हणून हें सारें आम्हांस आधींच ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह कोणास होईल. पण गडद काविळीस अंगणांतलें ऊन पुरत नाहीं, आणि त्या मोहापायीं डॉक्टरकडे जाण्यास उशीर झाल्यास मुलाचे कान जाऊं शकतात.

बाकीचीं कारणें थोडक्यांत सांगतां येतील. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन १९४३ सालीं हातीं आलें आणि दोन वर्षांच्या आंतच तें अंतःकर्णास दुखावतें असें दिसून आलें. त्याच कुळांतील औषधें पुढें मरणोन्मुख अर्भकांस वांचविण्यासाठीं द्यावीं लागलीं. दीड किलोहून कमी वजन, जन्मतांना गुदमरणें, मेंदूच्या आवरणाचा दाह, कानाच्या पाळीची किंवा टाळूची विकृत घडण, घराण्यांतील बधिरत्व, हीं सारीं धोक्याच्या खात्यांत जमा झालीं.

आतां दुसरा प्रश्न : परीक्षा कोणाची? अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं मॅरियन डाउन्स नांवाच्या बाई होत्या. मुलें जरा मोठीं झाल्यावर त्यांनीं पुनः विद्यापीठांत नांव घालावयाचें ठरविलें, आणि नांवनोंदणीच्या दिवशीं ज्या विषयापुढची रांग सर्वांत आंखूड होती त्या रांगेंत जाऊन त्या उभ्या राहिल्या. तो विषय श्रवणशास्त्राचा होता, असें त्या स्वतःच सांगत. या बाईंचें उत्तर सरळ होतें : परीक्षा सर्वांची. १९६४ सालीं त्यांनीं आपल्या प्रयोगाचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध केला. शहरांतील इस्पितळांतून स्वयंसेविका फिरत, निजलेल्या अर्भकाच्या कानाशीं सुमारें ९० डेसिबेलचा, म्हणजे चांगलाच कर्कश, ध्वनि करीत, आणि पापणी हालली कीं नाहीं, हातपाय झाडले कीं नाहीं, हें पाहून नोंद करीत. सुमारें १७,००० अर्भकें अशा रीतीनें तपासलीं गेलीं.

परंतु ती रीत टिकली नाहीं. गाढ निजलेलें निरोगी मूल हालत नसे, आणि बधिर मूल योगायोगानें त्याच क्षणीं हातपाय झाडी. मोठ्या आवाजास दचकणाऱ्या मुलास मंद आवाज ऐकूं येतोच असें नाहीं, ही आणखी एक अडचण. डाउन्सबाईंनीं हें लपविलें नाहीं. उलट, वैद्य आणि श्रवणतज्ज्ञ यांची एक संयुक्त समिति नेमावी असा आग्रह त्यांनींच धरला, आणि १९६९ सालीं ती स्थापन झाली. या समितीनें १९७० सालीं निर्णय दिला तो असा, कीं अर्भकाचें वागणें पाहून सरसकट सर्वांची परीक्षा करण्याची पद्धति भरंवशाची नाहीं, सबब ती स्वीकारूं नये. मग सर्वांस सोडून कोणास तपासावें? त्यास उत्तर म्हणून १९७३ च्या सुमारास पांच कलमांची एक यादी निघाली : कुटुंबांत लहानपणींचें बधिरत्व, गर्भावस्थेंतील रुबेला अथवा तत्सम संसर्ग, कान, नाक, घसा यांच्या रचनेंतील दोष, १,५०० ग्रॅमहून कमी वजन, आणि रक्तांतील पित्तद्रव्याची ठराविक मर्यादेबाहेरील वाढ. यांपैकीं एकही कलम लागू पडलें तर मुलास तपासावें, एरव्हीं सोडून द्यावें. १९८२ सालीं पांचाचीं सात कलमें झालीं, १९९० सालीं यादी आणखी लांबली.

यादी शहाणपणाची होती. अशा मुलांत बधिरत्वाचें प्रमाण इतरांच्या कितीतरी पट अधिक आढळतें, आणि थोड्या तज्ज्ञांचा वेळ त्यांच्यावरच खर्च करावा हा हिशेब कोणीही व्यवहारी मनुष्य मान्य करील. पण या हिशेबांत एक भयंकर शिल्लक राहत होती. पुढें मोठ्या प्रमाणावर पडताळा घेतां असें दिसलें, कीं जन्मतः बधिर असलेल्या मुलांपैकीं सुमारें निम्मीं मुलें यादींतील कोणत्याच कलमांत बसत नाहींत. पूर्ण दिवसांचीं, भरल्या वजनाचीं, काविळीचा स्पर्श न झालेलीं, निरोगी आईबापांचीं गोजिरवाणीं मुलें! यादी करणारांनीं त्यांस निर्धोक म्हणून घरीं पाठविलें. आणि धोका नाहीं असा दाखला मिळालेल्या आईची शंका, दाखला न मिळालेल्या आईच्या शंकेपेक्षांही अधिक काळ दडपली जाते.

असें कां व्हावें, हें १९९७ सालीं अधिक स्पष्ट झालें. वारशानें येणाऱ्या बधिरत्वाचें जें अत्यंत सामान्य बीज, तें त्या सालीं एका जनुकांत सांपडलें. तें आई आणि बाप या दोघांकडूनही आल्याखेरीज प्रकट होत नाहीं. दोघांचेही कान शाबूत, मागच्या पिढ्यांतही कोणी बधिर नाहीं, आणि मूल मात्र बधिर. तेव्हां ‘घराण्यांत कोणी आहे काय?’ या प्रश्नास ‘नाहीं’ हेंच खरें उत्तर येतें. आणि खरें उत्तर ‘आहे’ असलें, तरी पुढच्या सोयरिकींच्या धास्तीनें एखादा बधिर काका किंवा आत्तेभाऊ विस्मरणांत ढकलला जाण्याचा संभव आपल्या समाजांत तरी नाकारतां येणार नाहीं. यादी ही शेवटीं विचारलेल्या प्रश्नांचीच बनलेली असते.

ही कोंडी यंत्रांनीं फोडली. अंतःकर्णांतील शंखाकृति नळी केवळ आवाज टिपणारें निर्जीव साधन नसून स्वतः शक्ति खर्च करून कंप पावते, असें थॉमस गोल्ड यांनीं १९४८ सालीं तर्कानें मांडलें होतें. त्याकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. तीस वर्षांनीं, १९७८ सालीं, लंडनांत डेव्हिड केम्प यांनीं कानांत बारीक टिकटिक सोडून लगेच तेथेंच ठेविलेल्या सूक्ष्म ध्वनिग्राहकानें ऐकलें, तों निरोगी कान उलट बारीकसा ध्वनि परत पाठवितो असें आढळलें. कान ऐकतो इतकेंच नव्हे, तो बोलतोही! मुलानें मान वळविण्याची, दचकण्याची, जागें असण्याचीही आवश्यकता उरली नाहीं. दुसरें साधन याच्या थोडें आधींचें. रॉबर्ट गॅलांबोस आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७४ सालीं दाखविलें, कीं डोक्यास चिकटविलेल्या पट्ट्यांवरून अर्भकाच्या श्रवणनाडीची व मेंदूच्या देठाची विद्युत्-स्पंदनें मोजतां येतात. पुढें हीं दोन्हीं यंत्रें हातांत मावतील इतकीं लहान झालीं, आणि त्यांचा निकाल वाचावयास तज्ज्ञाची गरज उरली नाहीं.

अमेरिकेंत ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यांत १९९० च्या आसपास सुमारें १,८५० नवजातांवर केम्पच्या पद्धतीनें सरसकट परीक्षा करून पाहिली, आणि १९९३ सालीं तेथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें बोलाविलेल्या परिषदेनें सर्व अर्भकांची परीक्षा करावी असा कौल दिला. यावर विरोध झाला, आणि तो पोरकट नव्हता. बेस आणि पॅरडाइज या दोघांनीं १९९४ सालीं लिहिलें, कीं ही परीक्षा साधी नाहीं, निर्धोक नाहीं, आणि तिचा लाभही सिद्ध झालेला नाहीं. हजारांतल्या दोन-तीन मुलांसाठीं किती आईबापांच्या मनांत खोटें भय घालावयाचें? बधिरत्व लवकर कळल्यानें मुलाचें खरोखर भलें होतें, याचा पुरावा कोठें आहे? हा शेवटचा प्रश्न रास्त होता. त्यास उत्तर कोलोराडोंतील क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनीं १९९८ सालीं दिलें. सहा महिन्यांच्या आंत ओळखलेलीं ७२ मुलें आणि त्यानंतर ओळखलेलीं ७८ मुलें यांची तुलना त्यांनीं केली. बुद्धि समान धरली असतां पहिल्या गटाची भाषा स्पष्टपणें सरस निघाली. आणि विशेष हें, कीं घरांत तोंडानें बोलत असोत कीं खुणांची भाषा वापरीत असोत, फरक तोच राहिला. खुणांची भाषा हीच आपली पूर्ण भाषा आहे असें आग्रहानें सांगणाऱ्या बधिर समाजास, परीक्षा म्हणजे केवळ यंत्रें कानांत कोंबण्याची पूर्वतयारी वाटत असे. त्या आक्षेपाचें पूर्ण निरसन या अभ्यासानें झालें नाहीं, परंतु लवकर कळण्याचा लाभ कोणत्या एका पंथाचा मिरास नाहीं एवढें तरी दिसलें. पुढें पहिल्या महिन्यांत परीक्षा, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असा नियम २००० सालीं त्याच जुन्या संयुक्त समितीनें घालून दिला. इंग्लंडांत २००६ सालापर्यंत सर्व देशभर नवजातांची परीक्षा सुरू झाली, आणि युइंगांचा चमचा-पेला विश्रांतीस गेला. डाउन्सबाई हें सर्व पाहण्यास जिवंत होत्या. त्या वयाच्या शंभराव्या वर्षीं, २०१४ सालीं वारल्या.

मग ती यादी रद्दींत गेली काय? नाहीं; तिचें काम बदललें. १९९६ सालीं एक नवा विकार ओळखला गेला. त्यांत अंतःकर्ण निरोगी असून केम्पच्या यंत्रास प्रतिध्वनि चोख देतो, पण नाडी ती वर्दी मेंदूपर्यंत सुसंगतपणें नेत नाहीं. असा दोष ज्यांस होतो त्यांत तीव्र काविळींतून वांचलेलीं आणि अतिदक्षता विभागांत राहिलेलीं मुलें पुष्कळ. म्हणून अशांस केवळ पहिल्या यंत्रावर पास करूं नये, नाडीचीच परीक्षा करावी, असें ठरलें. तसेंच सायटोमेगॅलो नांवाच्या विषाणूचें. आईस साध्या पडशासारखा येऊन जाणारा हा संसर्ग गर्भास गांठतो, बहुतेक मुलें जन्मतः धडधाकट दिसतात, परीक्षेंत उत्तीर्णही होतात, आणि कांहींचें श्रवण पुढें वर्षा-दोन वर्षांत हळूहळू जातें. अमेरिकेंतील यूटा राज्यानें २०१३ सालीं, श्रवणपरीक्षेंत अडलेल्या नवजातांस या विषाणूसाठीं तपासावें, असा कायदा केला. जी यादी एके काळीं ‘कोणास तपासावें’ हें ठरवीत असे, ती आज ‘उत्तीर्ण झालेल्यांपैकीं कोणावर नजर ठेवावी’ हें सांगते.

आपल्याकडे बधिरांच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईंतील पहिली शाळा १८८० नंतरच्या दशकांतली, आणि वांद्र्याची राष्ट्रीय संस्था १९८३ सालची. उणीव होती ती मुलें वेळेवर सांपडण्याची. रुबेलाची लस जगास १९६९ सालींच मिळाली होती; आपल्या देशांत गोवर-रुबेलाची मोहीम २०१७ च्या फेब्रुवारींत निघाली, तिच्या पहिल्याच टप्प्यांत गोवा होतें, आणि महाराष्ट्राची पाळी २०१८ च्या नोव्हेंबरांत आली. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मजात बधिरत्वाचा समावेश झाला आहे. तथापि यंत्र असणें निराळें आणि प्रत्येक पाळण्यापर्यंत पोहोंचणें निराळें. कोची शहरांतील बालरोगतज्ज्ञांनीं २००३ सालीं यास एक सोपी युक्ति काढली : प्रत्येक इस्पितळानें यंत्र विकत घेण्याऐवजीं एकच यंत्र घेऊन एक शिकविलेली व्यक्ति ठरलेल्या दिवशीं इस्पितळामागून इस्पितळांत जाते.

अडचण येते ती दुसऱ्या फेरीची. जन्मानंतर पहिल्या दिवशीं कानांत द्रव सांचलेला असतो, तेव्हां निरोगी मुलासही यंत्र ‘पुनः तपासा’ असें सांगतें, आणि त्यांतलीं बहुतेक मुलें दुसऱ्या वेळीं उत्तीर्ण होतात. पण ही दुसरी वेळ यावी कशी? आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीनें उंबरा ओलांडावयाचा नाहीं. त्यांतून ती माहेरीं, परगांवीं. अमेरिकेंत सव्वा महिन्याचें बंधन नसतांही आरंभींच्या वर्षांत परत बोलाविलेल्यांपैकीं फार मोठा भाग परत आल्याची नोंदच सांपडत नसे. कोचींतल्या डॉक्टरांनीं म्हणून दुसऱ्या परीक्षेस वेगळा दिवसच दिला नाहीं. सहाव्या आठवड्यांत बाळास लस टोंचावयास आणावेंच लागतें. त्या दिवशीं, त्याच ठिकाणीं, टोंचण्याच्या आधीं, मूल निजलेलें असेल तर तसेंच निजूं देऊन, कान पुनः तपासतात, आणि तेव्हांही अडेल त्यास नाडीच्या परीक्षेसाठीं पाठवितात.